मशेरी म्हणजे तंबाखूच, एवढं आधी मान्य करू

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा घरी कुणाला वाचून दाखवायचं आहे, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं लिहून देत आहोत. बोलणाऱ्या ताई आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर, वरंध घाटाच्या पायथ्याची गावं, महाड-पोलादपूरच्या वाड्या आणि तिथून मुंबई-ठाण्याला गेलेले आपले सगळे चाकरमानी, सगळ्यांना नमस्कार.

आजचा विषय तंबाखू. लगेच बंद करू नका. सिगारेटचं चित्र, सडलेलं फुफ्फुस, ते सगळं तुम्ही शाळेच्या भिंतीवर पाहिलेलं आहे. मी त्याबद्दल बोलणारच नाही. मला आपल्या घरातल्या तंबाखूबद्दल बोलायचंय.

आधी एक आकडा सांगते. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखू सेवनाची मोठी पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं. त्यातले ओढणारे किती? विडी, सिगारेट सगळं धरून ३.८ टक्के. आणि न ओढता घेणारे, म्हणजे खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे? २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा धूर थोडा आणि थुंकी जास्त. तरी व्यसनमुक्तीचं भाषण कुठेही ऐका, बहुतेक वेळा सिगारेटवर सुरू होतं आणि सिगारेटवरच संपतं. समोर बसलेली काकी मनात म्हणते, "हे माझ्यासाठी नाहीच. मी कुठे सिगारेट ओढते?"

मी नोकरीत असताना घरोघरी जाऊन माहिती भरायचे. कागदावर प्रश्न असायचा, तंबाखूचं सेवन करता का? बाई सरळ म्हणायची, "नाय ओ बाई, आमच्यात बायका तंबाखू नाय खात." ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच वाटायचं. मग मी विचारायचे, "मशेरी लावता का?" तर लगेच, "ती काय, दात घासायला लागतेच की." एकाच बाईची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. फक्त पहिलं कागदावर गेलं असतं, तर त्या घरात तंबाखूच नाही अशी नोंद झाली असती. आणि नोंदच नाही म्हटल्यावर कोण सांगणार तिला सोडायला, आणि कोण करणार मदत?

म्हणून आज मला एकच गोष्ट मुख्य सांगायची आहे. मशेरी ही तंबाखू आहे, असं आपण घरात मोठ्याने म्हणायला लागलो, तरच बाकीचं सगळं पुढे सरकेल.

ज्यांना मशेरी माहीत नाही, विशेषतः शहरातल्या पोरांना, त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर भाजायची. काळी होईपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठतो, लहान पोरं खोकत बाहेर पळतात. मग ती चुरडून बारीक पूड करायची आणि डबीत भरायची. सकाळी उठलं की चिमूटभर बोटावर घ्यायची आणि दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत बसायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. सुरुवात सकाळच्या एका वेळेने होते. मग दुपारी जेवल्यावर. मग लावणीवरून आल्यावर, मग झोपताना. दात दिवसातून सहा वेळा कुणी घासत नाही, मंडळी. सहा वेळा लागते ती तलफ.

यात निकोटिन आहे. हिरडीची आणि गालाची आतली कातडी नाजूक असते, तिच्यातून ते सरळ रक्तात जातं. त्याचा जोर काही तासांत ओसरतो, डोकं जड होतं, चिडचिड होते, की हात पुन्हा डबीकडे. सिगारेटवाल्याचं जे होतं तेच. भाजल्यामुळे ती "शुद्ध" होते असं आपल्याकडे समजतात. उलट आहे. तंबाखूत कर्करोग करणारी द्रव्यं मुळातच असतात, आणि पान जळलं की धुरातली असतात तसली आणखी तयार होतात.

आता कायद्याची एक गंमत ऐका. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. का? तर दात घासायच्या नावाखाली लोकांना तंबाखूची सवय लागत होती म्हणून. म्हणजे कंपनीने मंजनाच्या डब्यात तंबाखू घातली तर गुन्हा. पण आपल्या चुलीवरच्या तव्याला कुठला कायदा लागू होणार? जे बाजारात तीस वर्षांपूर्वी बंद झालं, ते आपण घरी भाजतो आणि त्याला मंजनच म्हणतो.

यातून काय होतं, हेही कुणी नुकतंच शोधून काढलेलं नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी. १९७२ मध्ये ते छापून आलं. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कर्करोगाआधीचे चट्टे, दोन्ही त्यांनी नोंदवले. त्यात मशेरी लावणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. तो जिल्हा म्हणजे घाट चढून गेलं की लागतो तोच. नातीगोती आहेत आपली तिकडे.

आता पोटुशी बाईबद्दल. इथे जरा नीट लक्ष द्या, विशेषतः सासवांनी. २००४ मध्ये डॉ. प्रकाश गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न ओढायची तंबाखू घेणाऱ्यांमध्ये बहुतेक जणी मशेरीवाल्या होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची निघाली आणि सरासरी ६ दिवस आधी जन्मली. तुम्ही म्हणाल, शंभर ग्रॅम म्हणजे काय, चहाच्या दोन कपांएवढं. पण आपल्या भागात कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावर जन्माला येतात. काठावरच्याला शंभर ग्रॅमचा धक्का पुरतो. आणि २००६ मध्ये त्याच अभ्यासातून पुढचं आलं. तंबाखू घेणाऱ्या बायकांमध्ये मूल पोटातच दगावण्याचा धोका अडीचपटीहून जास्त होता.

मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. ज्या बाईचं मूल गेलं तिला "तुझ्या मशेरीमुळे गेलं" असं कुणीही म्हणू नका. मूल दगावायला अनेक कारणं असतात आणि एका बाईच्या बाबतीत नेमकं कुठलं ते सांगता येत नाही. पण जी आत्ता पोटुशी आहे, तिला थांबायला मदत करणं आपल्या हातात आहे. आणि आपल्याकडे होतं काय? तिला मळमळतं, तोंडाला चव नसते, तर घरातलीच कुणी बाई प्रेमाने डबी पुढे करते. "लाव जरा, बरं वाटंल." वाईट हेतू नसतोच. माहिती नसते.

आता पोरांकडे वळू. २०१९ मध्ये १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची देशभर पाहणी झाली. ८.५ टक्के मुलं तंबाखू घेत होती. त्याहून मला हादरवून गेलं ते दुसरंच. न ओढायची तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी चाखली होती. दहा वर्षांच्या आत! तिसरी-चौथीतलं पोर. त्याला कुठून मिळणार? गुटख्याला तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं गुन्हा. हे कायदे टपरीवर नीट पाळले जात नाहीत ते वेगळं, तिथेही भांडायलाच हवं. पण घराच्या कोनाड्यात ठेवलेल्या डबीला कुठलंच अंतर लागू नाही. आजोबा म्हणतात, "जा रे, माझी चंची आण." पोरगं आणतं, वास घेतं, बघतं. नात आजीच्या शेजारी बसून बोटाने दात घासते, आजी कौतुकाने हसते.

तेच पोर मोठं होतं, बारावी करून नाहीतर आयटीआय करून मुंबईला जातं. पाच-सहा जण एका खोलीत राहतात. तिथे त्याला कुणी रंगीत पेनसारखं यंत्र देतं, व्हेप. आंब्याचा वास, पुदिन्याचा वास. "यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे." आपण मशेरीबद्दल काय म्हणतो? "ही तंबाखू नाही, नुसतं मंजन आहे." वाक्य तेच आहे बघा. व्हेपच्या द्रावणात बहुतेक वेळा निकोटिनच असतं, आणि कोवळ्या वयात त्याची सवय लवकर जडते. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जे मिळतंय ते चोरून आलेलं आहे, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गांजाबद्दलही बोलते, कारण गणपतीला, शिमग्याला पोरं गावी आली की पाराच्या मागे काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. "झाडपाल्याचं आहे, देवाधर्मातलं आहे, सवय लागत नाही," असं सांगतात. लागते. ओढणाऱ्या साधारण दहातल्या एकाला लागते, आणि विशीच्या आत सुरू केलं तर साधारण सहातल्या एकाला, असा अंदाज आहे. त्यात तो बहुतेकदा सिगारेटची तंबाखू मिसळून ओढतात, म्हणजे निकोटिनही गळ्यात. काही पोरांना भास होतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि दवाखान्याचा रस्ता सोडून भलतीकडे धावतात. त्यात महिने जातात.

कायद्याचं म्हणाल तर थोडा गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण त्याच कायद्यात, कलम ६४-अ मध्ये, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर अशा लहान प्रकरणात खटल्यापासून संरक्षणाची सोय आहे. आईबापांनी हे लक्षात ठेवा. पोर अडकलं तर लपवण्यापेक्षा उपचाराला नेणं त्याच्या फायद्याचं आहे.

बरं, आता सोडायचं कसं. इथेच लोक मला अडवतात. "ताई, सांगणं सोपं आहे." हो, सोपं आहे. सोडणं अवघड आहे, मी ते नाकारत नाही. पण काय अवघड आहे ते आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते.

पहिली अडचण, जी बायका कुजबुजत सांगतात. "मशेरी लावल्याबिगर परसाकडला होत नाय." हे खोटं नाही. निकोटिनने आतडी हलतात, आणि वर्षानुवर्षांची सवय असली की ती बंद केल्यावर काही दिवस पोट अडतं. ते काही दिवसांचंच असतं. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी प्या, भाकरीबरोबर पालेभाजी वाढवा, पेरू, पपई जे असेल ते खा. तरी अडलं तर उपकेंद्रात विचारा, त्यावर साधी औषधं असतात.

दुसरी अडचण, दात ठणकतात. मशेरीने दुखणं दबलेलं असतं, बंद केली की वर येतं. मशेरी सोडून दात बिघडले असं नाही, ते आधीच बिघडलेले होते. दाताच्या डॉक्टरला दाखवा. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा.

तिसरी, भूक. शेतावर, रोजगार हमीच्या कामावर भूक मारायला बायका तोंडात चिमूट धरतात. ती बंद केली की भूक लागणार. लागू दे. तिला सकाळी दोन घास जास्त मिळाले पाहिजेत, हे घरातल्यांचं काम आहे.

आणि चौथी, तलफ. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, रडू येतं. दोन ते चार आठवड्यांत हे बरंचसं निवळतं. एक एक तलफ मात्र फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायची युक्ती हवी. तोंडात बडीशेप, लवंग, आवळा धरा. सुपारी नको, तीही कर्करोग करणारी आहे. ब्रश किंवा साधं मंजन घेऊन दोन मिनिटांत दात घासा आणि उठा. ज्या ओट्यावर बसून मशेरी लावायचात तिथे आठवडाभर बसूच नका. आणि डबी घरात ठेवू नका. "असू दे कोनाड्यात, मी हात लावणार नाही," हे चालत नाही.

औषधंही आहेत. निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगगम दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ते गोळीसारखं चावून संपवायचं नसतं. हळू चावायचं, झिणझिण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको. ज्या आजींना दातच नाहीत त्यांना गम कसं जमणार? त्यांनी चिकटपट्टीबद्दल डॉक्टरांना विचारावं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, हृदयाचा आजार असलेल्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

एक नंबर लिहून घ्या. १८००-११-२३५६. फुकट आहे. हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतीचा फोन. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, बघा कधी. तिथे समुपदेशक बोलतात, सोडायची तारीख ठरवून देतात आणि पुढे परत फोन करून विचारपूस करतात. गांजा आणि इतर नशेसाठी १४४४६. मन फार खचलं, भास होताहेत, जीव नकोसा वाटतो, तर १४४१६, टेलिमानस. सोडायची ज्याची त्याची तयारी असली पाहिजे, पण फोन लावून द्यायला नातवाने मदत केली तर बिघडलं कुठे?

आता तोंड तपासायचं. उजेडात आरशासमोर उभ्या राहा. ओठ उलटा, गाल ओढून आत बघा, जीभ वर करून खाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, गिळताना त्रास, यातलं काही दिसलं तर दाखवायचं. तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत जात नसतील, तरी दाखवायचं. तीस वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट असते, आशाताईला विचारा. महाड आणि पोलादपूर दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालयं आहेत. तिथून पुढे पाठवायची गरज पडली तर खारघरला टाटाचं केंद्र आहे, आपल्याच मुंबई-गोवा रस्त्याने जायचं. चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. तंबाखू थांबवल्यावर कित्येक चट्टे मागे हटतात. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही, आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. शेताची कामं, एसटीची वेळ, "भात कापून झालं की बघू," यात दिवाळी जाते आणि शिमगा येतो.

शेवटचं, घरातल्या आणि गावातल्या पुरुषांसाठी. बायकोला "सोड ती घाण" म्हणायचं आणि स्वतः हातावर चुना-तंबाखू मळायची, हे चालणार नाही. एका घरात एकट्याने सोडणं फार कठीण. सासू-सुनेने एका दिवशी सोडलं, नवऱ्याने त्याच दिवशी पुडी बंद केली, तर तिघांची चिडचिड एकदाच होऊन जाते. रोजची दहा रुपयांची पुडी धरली तरी वर्षाला ३,६५० रुपये होतात. तिघांचे दहा हजारांच्या वर. पोराची वर्षभराची वह्या-पुस्तकं आणि गणवेश त्यात होतो.

आणि गावाने एक करावं. बैठक असो, भजन असो, बाराव्याचं बसणं असो, आपल्याकडे पानाचं तबक फिरतं. त्यात पान, चुना, कात, सुपारी, तंबाखू. त्यातली तंबाखू काढा. आधी तेवढीच काढा. कुणाचा मान कमी होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू-तंबाखूविरोधात काम उभं केलं, ते गावागावांतल्या लोकांनी, त्यातही बायकांनी, हातात घेतलं म्हणून चाललं. आपल्याकडेही बचतगट आहेत, मुंबईची मंडळं आहेत. गणपतीच्या सभेत मंडळ जसा वर्गणीचा हिशेब घेतं, तसा हा विषय एकदा घ्या.

एखादी बाई सोडते आणि दोन महिन्यांनी कुठल्यातरी लग्नात परत चिमूट लावते. तिला हसू नका. बहुतेकांना दोन-चार खेपा लागतात. पुन्हा तारीख ठरवायची, पुन्हा डबी बाहेर.

तर मंडळी, आज संध्याकाळी घरी एवढंच विचारा. "तंबाखू खाता का" असं विचारू नका. "मशेरी लावतेस का, दिवसातून किती वेळा?" असं विचारा. उत्तर आलं की रागावू नका. फक्त म्हणा, "आई, ही पण तंबाखूच आहे." आणि फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. १८००-११-२३५६.

हा भाग घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जरूर ऐकवा, वाचून दाखवा. तुमच्याकडे मशेरी सोडलेली कुणी असेल तर तिने काय युक्ती केली ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात सांगू.